प्रकाशाचे शब्द : कूळ आणि सोयरीक (इंग्रजीतील 'ग्ल' गटाच्या निमित्ताने)

१

इंग्रजी भाषेत चमकत्या प्रकाशाला उद्देशून वापरले जाणारे शब्द विपुल आहेत आणि त्यांतील एक मोठा गट 'ग्ल' या व्यंजनयुग्माने सुरू होतो, ही गोष्ट इंग्रजीच्या सामान्य विद्यार्थ्याच्याही ध्यानात येते. 'ग्लो', 'ग्लीम', 'ग्लिटर', 'ग्लिसन', 'ग्लिमर', 'ग्लिंट', 'ग्लेअर' हे शब्द एकापाठोपाठ नुसते उच्चारले तरी त्यांचे सख्य कानाला जाणवते. इंग्रजी-मराठी कोशांत मात्र या सर्वांसमोर 'चमकणे', 'चकाकणे', 'झळकणे' अशी तीन-चार क्रियापदे आलटून पालटून येतात. परिणामी निखारा, दवबिंदू, सुरीचे पाते आणि समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा यांच्या प्रकाशात मूळ भाषेने केलेला भेद मराठीत येता येता पुसला जातो. वर्गात इंग्रजी कविता शिकविणाऱ्या अध्यापकाला आणि अनुवादकाला ही अडचण रोजची आहे.

तिच्यामागे एक तात्त्विक प्रश्नही दडलेला आहे. या शब्दांत अर्थाचे आणि ध्वनीचे जे साम्य दिसते ते कोठून आले? व्युत्पत्तिशास्त्राचे उत्तर असे की हे शब्द एका धातूची लेकरे आहेत. ध्वनिप्रतीकवाद्यांचे उत्तर असे की 'ग्ल' या ध्वनीतच प्रकाशाची सूचना आहे. पहिले उत्तर अपुरे आहे, दुसरे ज्या स्वरूपात सामान्यतः मांडले जाते त्या स्वरूपात चुकीचे आहे. या गटातील शब्दांचे एकेकट्याचे इतिहास तपासले असता निराळेच चित्र दिसते: शब्दाचा अर्थ त्याच्या कुळाने जेवढा ठरतो, त्याहून अधिक तो भाषेत ज्यांच्या संगतीत वावरतो त्यांनी ठरतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख या संगतीवर आहे. तथापि आरंभ कुळापासूनच करणे सोयीचे आहे.

२

तौलनिक भाषाशास्त्राने या शब्दांमागे *घेल् असा एक मूळ भारत-युरोपीय धातू कल्पिला आहे. 'प्रकाशणे' हा त्याचा अर्थ. त्याला जोडूनच पिवळ्या आणि हिरवट-पिवळ्या रंगाचाही बोध त्यातून होतो. जर्मानिक शाखेत या धातूच्या आद्य व्यंजनाचा 'ग' झाला आणि जेथे मधला स्वर लोपला तेथे 'ग्ल' हे युग्म तयार झाले. 'ग्लो' हे क्रियापद प्राचीन इंग्रजीत 'ग्लोवन्' या रूपात आढळते. ज्वाळा न निघता धगधगणाऱ्या निखाऱ्याचा प्रकाश हा त्याचा मूळ विषय, आणि आजही तोच आहे. 'ग्लीम' प्राचीन इंग्रजीतलाच. 'ग्लिसन' हा 'ग्लिस्नियन्' या प्राचीन रूपाचा वंशज. 'ग्लिटर' मात्र थेट घरचा नव्हे. प्राचीन इंग्रजीत 'ग्लितेनियन्' असे सजातीय क्रियापद होते. ते मागे पडले आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याच्या जागी नॉर्स भाषेतील 'ग्लित्रा'पासून आलेले रूप रुजले. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानातील येशूच्या रूपांतराच्या प्रसंगी, त्याच्या वस्त्रांचे लखलखणे सांगण्यासाठी याच धातूचे 'ग्लितमुन्यान्' हे क्रियापद योजिलेले आहे. म्हणजे जर्मानिक भाषांच्या लिखित इतिहासाच्या आरंभीच 'ग्लित्' हे अंग प्रकाशासाठी सिद्ध होते.

'ग्लास', म्हणजे काच, हाही शब्द या परिवारातला. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या 'जर्मानिया' या ग्रंथात बाल्टिक किनाऱ्यावरील लोक समुद्रातून वेचलेल्या तृणमण्याला 'ग्लेसुम्' म्हणतात अशी नोंद केली आहे. तृणमणी पिवळा, पारदर्शक आणि चकाकणारा. काचेचे नाव आणि त्याचे नाव एकाच मुळाचे असावे यात आश्चर्य नाही. 'ग्लॅड' या शब्दाचा आजचा अर्थ 'आनंदित'. प्राचीन इंग्रजीत मात्र तो 'चकचकीत, उजळ' या अर्थानेही वापरला जाई. संस्कृतात 'प्रसन्न' हे विशेषण आधी गाळ खाली बसून निवळलेल्या पाण्याचे होते आणि मग मनाचे झाले, याचे येथे स्मरण व्हावे.

याच धातूची भारत-इराणी बाजू मराठी वाचकाच्या अगदी घरातली आहे. संस्कृतात त्याचे आद्य व्यंजन 'ह' झाले: 'हरि' (पिवळसर), 'हिरण्य' (सोने). 'हरि'शी संबद्ध 'हरिद्रा' या शब्दापासून प्राकृतातून मराठीची 'हळद' आली. इराणी शाखेत त्याच व्यंजनाचा दन्त्य 'ज' झाला. फारसीत 'जर' म्हणजे सोने आणि 'जर्द' म्हणजे पिवळा. मराठीने हे दोन्ही उचलले. पैठणीच्या काठातली जर, मराठ्यांचा जरीपटका, पिवळ्या रंगावरून नाव पडलेला जर्दा आणि 'पिवळे आलू' असा शब्दशः अर्थ असलेले जर्दाळू ही सारी 'ग्लिटर' आणि 'ग्लो' यांची दूरची भावंडे आहेत.

पण यातून काय सिद्ध होते? मराठी भाषकाला 'हळद', 'जर' आणि 'जर्दाळू' या तीन शब्दांत काही सामाईक ऐकू येत नाही. प्रकाश तर नाहीच नाही. धातू तोच, वंश तोच, तरीही मराठीत त्या वंशाची स्वतःविषयीची जाणीव उरलेली नाही. इंग्रजीत ती केवळ उरलीच नाही, तर वाढली. हा फरक केवळ व्युत्पत्तीने उलगडत नाही.

३

इंग्रजीतही हे कूळ अखंड राहिले नाही. 'गोल्ड' (सोने) आणि 'येलो' (पिवळा) हे दोन शब्द निर्विवादपणे *घेल् धातूचे. 'गॉल' (पित्त) हाही रंगावरून त्याच घरातला मानला जातो. परंतु 'गोल्ड'मध्ये 'ग' आणि 'ल' यांच्यामध्ये स्वर राहिला, आणि 'येलो'मध्ये तर पुढच्या तालव्य स्वरामुळे 'ग'चाच 'य' झाला. ध्वनी बदलला आणि नाते तुटले. आजच्या इंग्रजी भाषकाच्या मनात 'येलो' आणि 'ग्लीम' यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

याच्या उलट घराबाहेरून येऊन घरचे झालेले शब्द पाहावेत. 'ग्लान्स' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पंधराव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या शब्दाचे मूळ प्राचीन फ्रेंचमधील 'घसरणे' या अर्थाच्या क्रियापदात सापडते, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधील बर्फाचा वाचक 'ग्लाकिएस्' आहे. चिलखतावर तिरपा बसून निसटणारा घाव हा त्याचा आरंभीचा विषय. प्रकाशाशी त्याचे देणे-घेणे नव्हते. परंतु त्या काळी 'ग्लेन्ट' हे स्कँडिनेव्हियन मूळचे क्रियापद इंग्रजीत होते व त्यात 'चपळाईने बाजूला सरणे' आणि 'लकाकणे' असे दोन्ही अर्थ होते. 'ग्लान्स' त्याच्या छायेत आला आणि प्रकाशाची तिरीप असा अर्थ धारण करता झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो ओझरत्या नजरेसाठी रूढ झाला. 'ग्लेन्ट' पुढे प्रमाण इंग्रजीतून लोपला, स्कॉट्स बोलीत 'ग्लिंट' या रूपाने टिकला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथून पुन्हा साहित्यिक इंग्रजीत परतला. आज धातूच्या धारेवर किंवा डोळ्यात क्षणभर चमकून जाणाऱ्या प्रकाशासाठी हाच शब्द हाताशी येतो.

'ग्लॉस' या रूपाखाली तर दोन वेगळे शब्द नांदतात. पृष्ठभागाची चकाकी हा अर्थ असलेला 'ग्लॉस' सोळाव्या शतकातला असून तो उत्तर युरोपीय भाषांकडून आलेला आहे. कठीण शब्दावरील टीप हा अर्थ असलेला 'ग्लॉस' ग्रीकमधील जिभेच्या, पर्यायाने भाषेच्या, वाचक शब्दापासून लॅटिनमार्गे आलेला आहे. या दोहोंचा उगमाच्या दृष्टीने काही संबंध नाही. तरीही एखाद्या अडचणीच्या गोष्टीवर वरवरची मखलाशी करून पुढे जाणे या अर्थाचा जो वाक्प्रचार इंग्रजीत रूढ आहे त्यात टीपेची सफाई आणि पृष्ठभागाची झिलई अशी एकजीव झाली आहेत की ती निवडणे कोशकारालाही कठीण जावे. टीकाकारांनी यातून काय बोध घ्यावा हा स्वतंत्र प्रश्न आहे.

परंतु दत्तकविधानाचा सर्वांत मनोरंजक प्रकार म्हणजे 'ग्लॅमर'. हा शब्द मुळात 'ग्रामर', म्हणजे व्याकरण! मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिनचे आणि पर्यायाने ग्रंथविद्येचे ज्ञान. ज्यांना वाचता येत नव्हते त्या बहुसंख्य लोकांना ही विद्या मंत्रतंत्राहून वेगळी वाटत नसे. फ्रेंचमध्ये याच मुळापासून जादूटोण्याच्या पोथीला 'ग्रिम्वार' हे नाव पडले. स्कॉटलंडमध्ये 'ग्रामर'मधील 'र'चा 'ल' होऊन 'ग्लॅमर' झाला व त्याचा अर्थ 'नजरबंदी, चेटूक' असा ठरला. वॉल्टर स्कॉट याने 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' (१८०५) या काव्यात आणि अन्यत्र त्याचा वापर केल्याने तो इंग्रजीभर पसरला. एकोणिसाव्या शतकात चेटकाचे मोहक सौंदर्य झाले आणि विसाव्या शतकात चित्रपटसृष्टीने त्याला आजचा झगमगीत अर्थ दिला. मराठी वृत्तपत्रांच्या चित्रपटविषयक पानांवर हा शब्द आता सर्रास आढळतो, आणि तेथे तो नेहमी दिव्यांच्या, वलयाच्या, झगमगाटाच्या सोबतीने येतो. 'र'चा 'ल' झाला नसता तर हा शब्द प्रकाशाच्या गोतावळ्यात इतक्या सहज सामावला असता काय? व्याकरणाच्या अध्यापकांना ही सोयरीक सुखावणारी वाटेल.

'ग्ल' गटाच्या बाहेरही संगतीचा हा परिणाम दिसतो. 'शीन' (तकाकी) हा शब्द 'शाइन' (प्रकाशणे) यापासून झाला असावा असे कोणालाही वाटेल. वस्तुतः तो प्राचीन इंग्रजीतील 'सुंदर' या अर्थाच्या विशेषणाचा वंशज असून जर्मनमधील 'श्योन' (सुंदर) त्याचे भावंड आहे. त्याचे मूळ 'पाहणे' या अर्थाच्या धातूत आहे. सुंदर म्हणजे दर्शनीय. संस्कृतातील 'कवि', म्हणजे द्रष्टा, हाही त्याच धातूचा मानला जातो. 'शीन'ला प्रकाशाचा अर्थ चिकटला तो केवळ 'शाइन'शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे.

४

संगतीमुळे केवळ बाहेरचे शब्द आत येतात असे नव्हे. आतल्या शब्दांचे अर्थही एकमेकांना रेटून जागा बदलतात. 'ग्लीम' हा शब्द आरंभी सूर्यासारख्या प्रखर प्रकाशाचा वाचक होता. आज तो मंद, क्षणिक किंवा परावर्तित प्रकाशाचा आहे. 'ग्लिमर' चौदाव्या शतकात 'तेजाने चमकणे' या अर्थानेही येतो. पुढे तो मिणमिणत्या प्रकाशापुरता उरला, आणि 'आशेचा अंधुक किरण' या लाक्षणिक अर्थाला उपयोगी पडला. मध्ययुगीन इंग्रजी काव्य वाचणाऱ्या विद्यार्थ्याने आजचा कोश उशाशी घेऊन या शब्दांचा अर्थ लावला तर तळपत्या चिलखताचे मिणमिणते चिलखत होण्याची भीती आहे. प्रखरतेची जागा रिकामी राहिली नाही. ती 'ग्लेअर'ने घेतली, आणि त्यात डोळ्यांना होणाऱ्या त्रासाचीही भर पडली. 'ग्लिटर'कडे अनेक लहान बिंदूंचा चंचल प्रकाश आला व त्याबरोबर थोडी उथळपणाची छटाही. 'ग्लिस्टर' हे त्याचे जवळचे रूप मागे पडले. शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये सोन्याच्या पेटीतील लेखात हेच जुने रूप आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती उक्ती 'ग्लिटर' घालूनच फिरते. चकाकणाऱ्या प्रत्येक वस्तूला सोने समजू नये असे बजावणाऱ्या त्या उक्तीत 'गोल्ड' आणि 'ग्लिस्टर' हे एका धातूचे दोन शब्द समोरासमोर उभे आहेत, हा योगायोग कवीला ठाऊक असण्याचे कारण नाही.

या गटात आणखी एक हालचाल सातत्याने दिसते: प्रकाशाकडून दृष्टीकडे. 'ग्लिम्प्स' हे 'ग्लिमर'चे भावंड. आज त्याचा अर्थ ओझरते दर्शन. 'ग्लेअर' म्हणजे रोखून, रागाने पाहणेही. 'ग्लान्स'ची कथा वर आलीच आहे. 'ग्लोअर' म्हणजे डोळे वटारणे. जणू डोळा हाही एक प्रकाशमान पदार्थ आहे अशी या भाषेची समजूत असावी. ही समजूत इंग्रजीपुरती नाही. संस्कृतात 'रुच्' (प्रकाशणे) आणि 'लोचन', 'अवलोकन' यांतील 'लोच्', 'लोक्' हे एकाच भारत-युरोपीय धातूशी जोडले जातात. इंग्रजीतील 'लाइट' हाही त्याच धातूचा. मराठीतील 'झलक' हा शब्द तर 'ग्लिम्प्स'चा अर्थाने जुळा भाऊ शोभावा. मात्र मराठीने दुसरीही एक वाट धरली आहे. तिच्यात प्रकाश दचकण्याकडे जातो: आवाज ऐकून माणूस 'चमकतो'. इंग्रजीतील चमकण्याच्या कोणत्याही क्रियापदाला हा अर्थ सुचलेला नाही.

'शाइन'चा जर्मन भाऊ 'शायनेन' याने 'प्रकाशणे' आणि 'वाटणे, दिसणे' असे दोन्ही अर्थ राखले. इंग्रजीने दुसरा सोडला. मराठीत 'भासणे' हे क्रियापद 'भास्' म्हणजे प्रकाशणे या धातूचे असून त्यात पहिला अर्थ सुटला आणि दुसराच उरला. आणखी विलक्षण गोष्ट अशी की 'शाइन'च्या मुळाशी असलेल्या धातूपासूनच ग्रीकमधील सावलीचा वाचक 'स्किया' आणि संस्कृतातील 'छाया' हे शब्द आले आहेत असे मानले जाते. 'छाया' म्हणजे केवळ सावली नव्हे. अमरकोशाने तिच्या अर्थांत कांती आणि प्रतिबिंब यांचाही समावेश केला आहे. उजेड आणि सावली यांना एकच शब्द पुरावा हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते; परंतु चंद्राच्या मंद उजेडाचा किंवा पाण्यातल्या प्रतिबिंबाचा विचार केल्यास ते तितके विपरीत राहत नाही.

५

आता ध्वनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. विशिष्ट व्यंजनयुग्म आणि विशिष्ट अर्थ यांची जोडी लावण्याचा प्रयत्न इंग्रजीपुरता तरी जुना आहे. सतराव्या शतकात जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात अशा अनेक जोड्या दिल्या आहेत; 'स्त्र' या आरंभात त्याला बळ जाणवले. वॉलिसला हा इंग्रजीचा अंगभूत गुण वाटत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फेर्दिनां द सोस्यूर याने चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धांत मांडला आणि अशा समजुतींना धक्का बसला. १९१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत फ्रेंचमधील 'ग्ला' (मृत्यूची घंटा) या शब्दाचे उदाहरण आहे. हा शब्द ऐकताना घंटेचा नाद ऐकू येतो असे वाटते. परंतु त्याचे मूळ लॅटिनमधील 'क्लासिकुम्', म्हणजे रणशिंगाचा इशारा, हे आहे. त्याचा आजचा नाद हा ध्वनिपरिवर्तनाचा अपघात होय.

सोस्यूरचा हा युक्तिवाद नेमका आहे. पण त्याला जेथे थांबविले जाते तेथे तो थांबत नाही. 'ग्ला'चा नाद अपघाताने आला हे खरे. परंतु एकदा आल्यावर तो फ्रेंच भाषकाला ऐकू येतो हेही तितकेच खरे, आणि भाषेचा एककालिक अभ्यास इतिहासापासून वेगळा करावा असे सांगणारा सोस्यूरच होता. 'ग्लॅमर' व्याकरणातून आला म्हणून आजच्या वाचकाला त्यात झगमगाट दिसू नये असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाला व्यवहार्य परिभाषा मिळाली ती जे. आर. फर्थ यांच्याकडून. फर्थ हे १९२८ पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्लंडला परतल्यावर १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्पीच' या छोट्या पुस्तकात त्यांनी 'फोनेस्थीम' ही संज्ञा योजिली. मराठीत तिला 'ध्वनिसंवेद' म्हणता येईल. फर्थ यांचा मुद्दा असा की अशा ध्वनिगटात जन्मजात अर्थ नसतो. एकाच आरंभाचे अनेक शब्द सारख्या संदर्भात वारंवार येत राहिल्याने भाषकांना त्या आरंभातच अर्थ जाणवू लागतो. म्हणजे ही सवय आहे, निसर्ग नव्हे.

लेनर्ड ब्लूमफिल्ड याने १९३३ मध्ये 'लँग्वेज' या ग्रंथात या गटाची अधिक काटेकोर मांडणी केली. त्याच्या मते 'ग्ल' हा स्थिर प्रकाशाचा आणि 'फ्ल' हा हलत्या प्रकाशाचा घटक होय: एकीकडे 'ग्लो', 'ग्लेअर', दुसरीकडे 'फ्लॅश', 'फ्लेअर', 'फ्लेम', 'फ्लिकर'. ही विभागणी आकर्षक आहे, पण ती पुरती टिकत नाही. 'ग्लिटर' आणि 'ग्लिमर' यांना स्थिर म्हणणे कठीणच. 'फ्ल' गटाविषयी मात्र ब्लूमफिल्डने जे टिपले त्याला इतिहासाचा दुजोरा मिळतो, तोही त्याच्या मांडणीपेक्षा वेगळ्या दिशेने. 'फ्लिकर' हे प्राचीन इंग्रजीत पक्ष्याच्या पंखांची फडफड होते; 'फ्लॅश' हा पाण्याचा सपकारा होता; 'फ्लेअर' म्हणजे मोकळे केस पसरणे. केवळ 'फ्लेम' हा लॅटिनमधून आलेला शब्द पहिल्यापासून ज्वाळेचा होता. या गटाचा खरा अर्थ हालचाल हा असून प्रकाश तिच्यावर मागाहून बसला. 'ग्ल' गट प्रकाशाकडून निघाला व दृष्टीकडे गेला. 'फ्ल' गट गतीकडून निघाला व प्रकाशापाशी पोचला. दोन्ही गट आज शेजारी दिसतात, पण ते दोन वेगळ्या वाटांनी तेथे आले आहेत.

भाषकांच्या मनात या गटांना खरोखर काही अस्तित्व आहे काय, याची प्रायोगिक तपासणी बेंजामिन बर्गन यांनी २००४ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. त्यांनी तपासलेल्या इंग्रजी शब्दसंग्रहात 'ग्ल'ने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी सुमारे ३९ टक्के शब्द प्रकाश वा दृष्टी यांच्याशी संबंधित होते. त्यांच्या प्रत्यक्ष वापराची वारंवारता मोजली असता हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. एक 'ग्ल'चा प्रकाशवाचक शब्द दाखवून लगेच दुसरा दाखविला असता वाचक तो दुसरा शब्द अधिक वेगाने ओळखत. केवळ अर्थसाम्य किंवा केवळ ध्वनिसाम्य असलेल्या जोड्यांत तेवढा परिणाम आढळला नाही. उरलेल्या शब्दांत 'ग्लव्ह' (हातमोजा), 'ग्लू' (सरस), 'ग्लोब' (गोल) असे प्रकाशाशी संबंध नसलेले शब्द आहेतच. ध्वनीतच अर्थ असता तर हातमोजाही चमकला असता. फर्थ यांचे म्हणणे या आकड्यांशी जुळते: 'ग्ल' हा नियम नाही, कल आहे.

६

लॅटिनमधून आणि फ्रेंचमधून आलेल्या प्रकाशवाचक शब्दांवर येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. ते इंग्रजीत पंडितांच्या दारातून आले आणि बव्हंशी तेथेच बसले. 'रेडियंट'च्या मागे चाकाचा आरा आहे. 'सिन्टिलेट'च्या मागे ठिणगी, आणि त्याच ठिणगीपासून फ्रेंचमार्गे 'टिन्सेल', म्हणजे नकली चमकीचा बेगड, आला. 'ब्रिलियंट' हा इटालियनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द 'बेरिल' या रत्नाच्या नावाशी संबद्ध असावा अशी शक्यता कोशकार नोंदवितात. तसे असल्यास त्याचा माग ग्रीकमधून प्राकृताकडे आणि संस्कृतातील 'वैडूर्य'कडे, म्हणजे भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या रत्नांच्या व्यापाराकडे जातो.

'इन्कॅन्डेसंट' (तापून शुभ्र झालेला), 'कँडल' (मेणबत्ती) आणि 'कॅन्डिडेट' (उमेदवार, रोममध्ये निवडणुकीस उभा राहणारा शुभ्र झगा घालून फिरे) हे एका लॅटिन धातूचे शब्द. संस्कृतातील 'चन्द्र' त्यांचा सजातीय आहे. त्याचा मूळ अर्थ 'प्रकाशमान'; आकाशातील चंद्र हा नंतरचा. वेदांत त्याचे 'श्चन्द्र' असेही रूप येते, आणि ते जुने रूप एका सर्वपरिचित नावात टिकून आहे. 'हरि' आणि 'चन्द्र' यांचा साधा समास 'हरिचन्द्र' व्हावा. मधला 'श्' कोठून आला याचे समर्थन करण्यासाठी पाणिनीला सहाव्या अध्यायात स्वतंत्र सूत्र रचावे लागले. 'हरिश्चंद्र' म्हणजे सोनेरी तेजाचा. त्याच्या पूर्वपदात 'येलो' आणि 'ग्लो' यांचा धातू आहे, उत्तरपदात 'कँडल'चा.

७

हे सर्व लक्षात घेता अनुवादकापुढील प्रश्न काहीसा बदलतो. 'ग्लिटर', 'ग्लिमर', 'शिमर', 'फ्लिकर' आणि दुसरीकडे 'स्पार्कल', 'ट्विंकल', 'डॅझल' यांच्या शेवटी 'अर' किंवा 'ल' हा जो प्रत्यय आहे तो पुनरावृत्तीचा आहे: एक ठिणगी 'स्पार्क', अनेक वेळा उडणाऱ्या ठिणग्यांचा भास 'स्पार्कल'. 'ट्विंकल' हे डोळे मिचकावण्याच्या क्रियापदापासून झाले. 'डॅझल' हे 'डेझ', म्हणजे गुंगणे, यापासून. इंग्रजी शब्दाच्या आरंभी प्रकाशाचा प्रकार सांगते आणि शेवटी त्याची आवृत्ती. मराठी हे काम द्विरुक्तीने करते: लुकलुकणे, लखलखणे, चकचकणे, झगमगणे, मिणमिणणे. पारंपरिक व्याकरण या शब्दांना अभ्यस्त शब्दांच्या सदरात, बहुधा अनुकरणवाचक म्हणून, टाकते. पण प्रकाशाला आवाज नाही. 'लुकलुक' कशाचे अनुकरण करते? एमिनो यांनी १९६९ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात दाखवून दिले की अशी शब्दरचना भारतीय-आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांत पसरलेली असून ती भारतीय भाषाक्षेत्राचे एक सामाईक लक्षण आहे. म्हणजे येथेही कुळापेक्षा शेजाराचा वाटा मोठा.

त्यामुळे 'ग्ल'ला मराठीत 'ग्ल'सारखा ध्वनी शोधणे व्यर्थ आहे. त्याच्या कामाला मराठीत द्विरुक्ती उभी आहे. 'ट्विंकल'ला 'लुकलुकणे' हा जवळजवळ पुरा प्रतिशब्द मिळतो, कारण मराठीतही चांदणी आणि डोळा हे दोघेही लुकलुकतात. 'डॅझल'साठी 'दिपणे' आहे. फरक एवढाच की इंग्रजीने शब्द थकव्यातून घेतला आणि मराठीने दिव्याच्या धातूतून. 'ग्लिमर'ला 'मिणमिणणे' चालते, मात्र लाक्षणिक अर्थाने नव्हे. मिणमिणती आशा मराठीत केविलवाणी होते, इंग्रजीत ती धीर देते. निरोगी त्वचेच्या 'ग्लॉस'साठी 'तुकतुकी' आहे, जी इंग्रजीला एका शब्दात सांगता येत नाही. तलवार आणि सूर्य यांच्यासाठी मराठीला 'तळपणे' आहे. त्यात प्रकाशाबरोबर ताप आणि दरारा आहे, आणि 'ग्ल' गटात त्याच्या तोलाचे काही नाही.

सर्वांत अवघड 'ग्लिसन'. ओल्या पृष्ठभागावरचा प्रकाश, मग तो पावसात भिजलेला रस्ता असो, दव पडलेले पान असो किंवा पाणावलेले डोळे. मराठी कोशातील 'चकाकणे' घासलेल्या भांड्याचे आहे, 'चमकणे' विजेचे. दोन्हींत ओल नाही. येथे अनुवादकाला एका शब्दाचा हट्ट सोडून ओल वेगळी सांगावी लागते: रस्ता आधी भिजवावा लागतो आणि मग उजळावा लागतो.